बटणे मोजून काढलेले चित्र

१ जुलै २०२१ रोजी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात जमावाने अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याचा पुतळा पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलून दिला. पाठोपाठ मालाहाट इथला एक टोटेम खांब, म्हणजे आदिवासींचा कोरीव कुलचिन्हांचा खांब, कोणीतरी पेटवला. एका पुतळ्याला एक खांब, असा तो सरळसोट हिशेब. कुकच्या सफरींशी नाते सांगणाऱ्या चित्रांबद्दल, नकाशांबद्दल, संग्रहालयांतल्या वस्तूंबद्दल जो वाद चालतो, तोही आता याच वळणाने जातो. त्यातले एक चित्र मला इथे घ्यायचे आहे. कुकच्या तिसऱ्या सफरीवरचा चित्रकार जॉन वेबर याने एप्रिल १७७८ मध्ये, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या युक्वॉट गावात, मोवाचाट या तिथल्या आदिवासी लोकांच्या एका मोठ्या सामायिक घरात बसून ते काढले. सहा वर्षांनी सफरीच्या अधिकृत वृत्तांतात ते ‘नूटका साउंडमधल्या घराचा आतला भाग’ अशा नावाने छापले गेले. एका तटाच्या मते असली चित्रे म्हणजे साम्राज्याची नजर, ती भिंतीवरून उतरवावीत. दुसऱ्या तटाच्या मते तो त्या काळचा फोटोच आहे, खाली दोन ओळींची पाटी लावा आणि विषय संपवा. दोघेही चित्राकडे न बघता भांडतात, अशी माझी तक्रार आहे. हे चित्र उतरवू नये, पण नुसते टांगूही नये. ते एका सौद्यातून तयार झाले आहे, सौद्याची नोंद छापील आहे, आणि ती शेजारी ठेवल्याशिवाय हे चित्र दाखवणे म्हणजे खरेदीखतावरची सही पुसून कागद दाखवण्यासारखे आहे.

आधी घर. कुकच्या वृत्तांतात एका घराची लांबी सुमारे १५० फूट, रुंदी २४ ते ३० फूट आणि जमिनीपासून छपरापर्यंतची उंची ७-८ फूट दिली आहे. सांगाडा तांबड्या सीडरच्या जाड खांबांचा आणि तुळयांचा. भिंती फळ्यांच्या, फळीच्या कडेवर फळी टेकवून पिळलेल्या डहाळ्यांनी आणि सालीने बांधलेल्या. या फळ्या करवतीच्या नव्हेत. खोडात पाचरी ठोकून लाकडाच्या रेषेनेच त्या चिरून काढलेल्या असत, त्यामुळे तंतू तुटत नाहीत आणि पावसाचे पाणी फळीत न मुरता वरून निथळते. खिळा एकही नाही, आणि तो नसणे ही सोय होती. सांगाडा जागेवर राहायचा. ऋतू बदलला की फळ्या सोडवून, दोन होड्या शेजारी बांधून त्यांवर आडव्या टाकून, खाडीच्या आतल्या गावी न्यायच्या. १८०३ ते १८०५ या काळात इथला प्रमुख मॅक्विना याच्या घरी बंदिवान म्हणून राहिलेल्या जॉन ज्यूइट या जहाजावरच्या लोहाराने ही ने-आण पाहून लिहिली आहे. छपराच्या फळ्या तर सुट्याच. धूर कोंडला किंवा उजेड हवा झाला की खालून बांबूसारख्या लांब काठीने त्या सरकवायच्या. धुराडे नाही, चुलीला बांधीव कड नाही. भिंतीलगत जमिनीपासून पाच-सहा इंच उंचीचे ओटे, त्यांवर चटया, आणि त्यांवर एकेका कुटुंबाचे बसणे-निजणे. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे. पण ती कुठेही पथाऱ्या टाकत नसत. मागचे कोपरे मानाचे, तिथे घराचा प्रमुख आणि त्याच्या जवळच्या दर्जाची माणसे. गुलामांची जागा दाराकडे, वाऱ्यापावसाच्या तोंडाशी. ‘सामायिक’ म्हटले की आपल्याला समता आठवते. इथे छप्पर सामायिक होते, मान नव्हता.

चित्रात यातले बरेच आहे, आणि नेमके आहे. मधोमध विस्तव, वर आडव्या काठ्यांवर टांगलेली मासळी, ओट्यांवर बसलेली माणसे, कडेला एकावर एक रचलेल्या पेट्या. विस्तवाजवळ लाकडी पेटीतला स्वयंपाक चाललेला दिसतो. लाकडाच्या पेटीत रांधायचे कसे? दगड तापवून. विस्तवात लाल झालेला दगड लाकडी चिमट्याने उचलायचा, बाजूच्या पाण्यात बुडवून राख धुवायची, मग रांधायच्या पेटीतल्या पाण्यात सोडायचा. तो निवला की काढायचा, दुसरा टाकायचा. दगड चुकला, म्हणजे भेगांचा किंवा आत ओल धरलेला निघाला, तर विस्तवातच तडकून उडतो, म्हणून दगडांची पारख असावी लागते. पेटीही साधी नसते. एकाच फळीला आडव्या तीन खाचा पाडायच्या, खाचांपाशी वाफ द्यायची, लाकूड नरम झाले की तीन कोपरे वाकवायचे आणि चौथा कोपरा मेखांनी जडायचा किंवा मुळांच्या दोरीने शिवायचा. खाच उथळ राहिली तर वाकवताना फळी कोपऱ्यावर फुटते. खोल गेली तर कोपरा तकलादू होतो. नीट जमलेली पेटी पाण्याने फुगते आणि सांधे आपोआप घट्ट होतात. वेबरच्या रेघांवरून पेटीचे प्रमाण, चिमट्याची लांबी, मासळी टांगायची पद्धत वाचता येते. ‘फोटोच आहे’ म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे आणि तो मी मान्य करतो. तिथल्या त्या काळच्या घराच्या आतली इतकी तपशीलवार नोंद दुसरी हाती असती, तर गोष्ट निराळी. ओल्या किनाऱ्यावर लाकूड कुजते. उत्खननात पेटीचा तुकडा सापडेल, पण पेटीशेजारी बसलेला माणूस सापडत नाही.

आता घराच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या दोन मोठ्या, कोरलेल्या मनुष्याकृती. भांडण त्यांच्यापाशीच सुरू होते, आणि ते २०२१ साली नव्हे, चित्र काढतानाच सुरू झाले. वेबरने स्वतः सांगितलेली हकीकत वृत्तांतात छापली आहे. तो चित्र काढत होता, नजर त्या आकृतींवर होती, तेवढ्यात मोठा सुरा हाती घेतलेला एक माणूस नाराजीने जवळ आला. वेबरने दुर्लक्ष केले. मग त्या माणसाने चटई आणली आणि आकृती दिसणार नाहीत अशी मध्ये धरली. वेबरने कोटाचे एक धातूचे बटण काढून देऊ केले. चटई हटली. वेबर पुन्हा बसतो न बसतो तोच चटई पुन्हा आडवी. दुसरे बटण. असे करत करत कोटाची सगळी बटणे गेली, आणि आता याच्याकडे काही उरले नाही हे पाहिल्यावर त्या माणसाने पुढे अडवले नाही. वेबर याला लाच म्हणतो. वाचणारेही तसेच वाचतात: एका पक्षाला ही लोभी ‘रानटी’ माणसाची गमतीदार गोष्ट वाटते, दुसऱ्याला धाकदपटशा करून हिसकावलेली संमती.

दोन्ही वाचने चुकीची आहेत असे मला का वाटते? कारण त्याच ग्रंथात, त्याच गावातली, जवळपास हुबेहूब दुसरी हकीकत आहे आणि ती कुकची स्वतःची आहे. जहाजावरच्या शेळ्यामेंढ्यांसाठी त्याला गवत कापायचे होते. कापायला सुरुवात करताच लोक पुढे आले आणि आधी मोबदला द्या म्हणाले. एकाला दिला, तर दुसरा आला. पाहता पाहता कुकचे खिसे रिकामे झाले. गवताच्या प्रत्येक पात्याला वेगळा धनी असावा, असे त्याला वाटले. देण्यासारखे काही उरले नाही हे कळल्यावर मागणी थांबली आणि मग हवे तिथे गवत कापू दिले. लाकूड आणि पाण्याचेही मोल सुरुवातीला मागितले गेले होते. आपल्या मुलुखातल्या प्रत्येक वस्तूवर इतका ठाम मालकीहक्क सांगणारे लोक आपण कुठेही पाहिले नाहीत, अशा अर्थाची नोंद कुकने करून ठेवली आहे. बटणे आणि गवत शेजारीशेजारी ठेवा. धनी पुढे येतो, हक्क सांगतो, समोरच्याच्या ऐपतीप्रमाणे घेतो, आणि घेऊन झाल्यावर परवानगी देतो. लाच म्हणजे नियम मोडण्यासाठी दिलेला पैसा. इथे पैसा हाच नियम होता. या किनाऱ्यावरच्या नू-चा-नुल्थ आदिवासी समाजांत, आणि मोवाचाट त्यांतलेच एक, नावे, गाणी, नाच, मुखवटे, घरातले कोरीव खांब हे सगळे ‘तुपाती’ या वंशपरंपरागत हक्कांत मोडते. कोणते खांब कोणाच्या घरात उभे राहतील, कधी उघडे पडतील आणि ते पाहणाऱ्यांना साक्षीदार म्हणून काय द्यायचे-घ्यायचे, हे सगळे ठरलेले असते. त्या आकृतींपुढे चटयांचा पडदा सोडलेला असे आणि तो हवा तेव्हा हटवायला लोक राजी नसत, हेही वृत्तांतात आहेच. सुरेवाला माणूस खांबांचा धनी होता की धन्याच्या वतीने उभा होता, हे वेबरने विचारले नाही. पण घरात कोणीतरी त्या हक्काची राखण करत होते, एवढे त्याच्याच लेखणीतून सिद्ध होते.

यावर एक जुना, बिनतोड वाटणारा आक्षेप आहे आणि तो कुकचाच आहे. या मूर्ती जर खरेच देव असतील, तर थोड्याशा लोखंडात किंवा पितळेत गावातले सगळे देव मी विकत घेऊ शकलो असतो, असे तो लिहितो. अगदी लहान अशा दोन-तीन त्याने घेतल्याही. मग कसला पवित्र हक्क? यातली गफलत अशी की कुक वस्तू विकणे आणि हक्क विकणे यांत फरक करत नाही. या किनाऱ्यावर खांब हे लाकूड असते; ते कुजते, जळते, विकले जाते, आणि धनी नवे कोरवून घेतो. विकले जात नाही ते ‘असा खांब आमच्या घरात उभा राहतो’ हे सांगण्याचे अधिकारपद. ते लग्नात, वारशात, सगळ्यांदेखत दिले-घेतले जाते. जहागिरीची सनद हरवली म्हणून जहागीर जात नाही, आणि सनदेचा कागद रद्दीत विकत घेणारा जहागीरदार होत नाही, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

मग चित्र उतरवा म्हणणाऱ्यांचे काय चुकते? त्यांच्या बाजूला वजनदार गोष्टी आहेत आणि त्या आडपडदा न ठेवता मांडायला हव्यात. हे चित्र ज्या ग्रंथात छापले गेले, तो १७८४ चा ग्रंथ निव्वळ ज्ञानाचा नव्हता. नूटका साउंडमध्ये किरकोळ मालाच्या बदल्यात मिळालेली समुद्री ऊदमांजराची कातडी चीनमध्ये, उत्तम प्रतीची असल्यास, नगाला १२० डॉलरपर्यंत गेली, ही बातमी त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाने युरोपभर पोचवली. ते वाचून व्यापारी निघाले, आणि त्यांत पहिल्यांमध्ये होती मुंबई. डेव्हिड स्कॉट या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पाठबळावर, कंपनीचा मद्रासचा नोकर जेम्स स्ट्रेंज ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ ही दोन जहाजे घेऊन डिसेंबर १७८५ मध्ये मुंबईहून निघाला आणि १७८६ च्या उन्हाळ्यात युक्वॉटला पोचला. त्याच्यासोबत मुंबई फौजेतला एक तरुण अधिकारी होता, अलेक्झांडर वॉकर. गायकवाडीचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव चांगले माहीत आहे: १८०२ पासून बडोद्याचा रेसिडेंट आणि १८०७ च्या काठेवाडच्या खंडणी-तडजोडीला ज्याचे नाव लागले तोच हा वॉकर. बडोद्याच्या दरबारात हिशेबाच्या वह्या उघडायला लावणारा माणूस त्याआधी मॅक्विनाच्या गावी सौदे पाहून आला होता, आणि त्याने त्या सफरीचा वृत्तांतही लिहून ठेवला. कातड्यांच्या व्यापारामागून देवीची साथ आली, बंदुका आल्या. पुढच्या शतकात कॅनडाच्या सरकारने पॉटलॅच, म्हणजे असे हक्क सगळ्यांदेखत जाहीर करण्याचा समारंभच, कायद्याने बंद केला. १८८५ पासून १९५१ पर्यंत ती बंदी होती. मुले घरांतून उचलून निवासी शाळांत टाकली. आणि या सगळ्या काळात वेबरचे चित्र पुस्तकांतून ‘पूर्वी हे लोक असे राहत’ या मथळ्याखाली छापले जात राहिले, जणू ते लोक आता नाहीत. हा राग खोटा कसा म्हणणार?

पण या रागातून ‘उतरवा’ हा निष्कर्ष निघत नाही. पुतळा उभारला जातो तो मान देण्यासाठी. तो पाडला तर मान काढून घेतला जातो, माहिती नाहीशी होत नाही. चित्राचे तसे नाही. चित्र उतरवले तर सुरेवाला माणूसही उतरतो. १७७८ साली, युरोपियनांशी ओळख जेमतेम होत असताना, एका मोवाचाट माणसाने ‘हे बघायचे तर मोल द्या’ असे जहाजभर तोफा घेऊन आलेल्या पाहुण्याला सुनावले आणि ते वसूल केले, याचा पुरावा हे चित्र आणि ती हकीकत मिळून आहेत. ज्या राज्याने पुढे म्हटले की या किनाऱ्यावर जमिनीची मालकी अशी नव्हतीच, त्याच्या विरोधातला हा साक्षीदार आहे, आणि तो त्यांच्याच छापखान्यातून आला आहे. त्याला कोठारात कोंडून कोणाचे भले होणार? शिवाय ‘परक्याने काढले म्हणून टाकाऊ’ हा नियम लावायचा तर तो सगळीकडे लावावा लागेल. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे आपल्या मनातले चेहरे बरेचसे जेम्स वेल्स या स्कॉट माणसाच्या कुंचल्यातून आले आहेत. तेही इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयाने. आपण ते चेहरे फेकून दिले नाहीत. आणि १७९० च्या तहाचा जो भव्य पुणे दरबार थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवून पुरा केला, तो ना डॅनियलने पाहिला होता ना वेल्सने. वेल्स मुंबईत उतरला तोच १७९१ साली. ते चित्र टाकायचे की कसे तयार झाले हे सांगून दाखवायचे?

‘कसे तयार झाले’ हे सांगायचे म्हटले की दुसऱ्या तटाची, फोटोवाल्यांची, पंचाईत होते. वेबरने युक्वॉटला केलेले काम आणि १७८४ चे छापील चित्र यांत अनेक हात आहेत. जागेवरचे रेखाटन, मग त्यावरून तयार केलेले नीटस चित्र (पेन आणि जलरंगातली एक प्रत हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात आहे), मग लंडनमध्ये विल्यम शार्प या कसबी कोरणीकाराने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आवृत्ती. तांब्यावर कोरताना उजेड आणि सावली रेघांच्या दाट-विरळपणातून उभी करावी लागते. काळोख्या, धुरकट घराला हे तंत्र मानवत नाही, म्हणून छापात घर आहे त्यापेक्षा उजळ आणि ऐसपैस दिसते. मजकूर ७-८ फूट उंची सांगतो. छाप पाहताना ती एखाद्या दिवाणखान्याची वाटते. त्या कोरीव आकृतींचेच बघा. कुकच्या मजकुरात त्या चार-पाच फुटांचे ओंडके आहेत, वेबरच्या हकीकतीत त्या अवाढव्य आहेत. एकच ग्रंथ, एकाच खांबांची दोन मापे. यातले कोणते ‘फोटो’चे? माणसांच्या अंगयष्टीत लंडनच्या चित्रशाळेतला सराव उतरला आहे. वास तर कुठल्याच चित्राला नसतो. मासळी, तेल आणि धूर यांनी कुकचे नाक भरून गेले होते आणि त्याने घरांना डुकरांच्या खुराड्याची उपमा दिली. छापील चित्र या शेऱ्यापेक्षा जास्त सभ्य आहे, पण सभ्यता म्हणजे अचूकता नव्हे. आणि अचूकतेचा मक्ता कॅमेऱ्याकडेही नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसने पिगन या आदिवासी लोकांच्या तंबूचा आतला भाग टिपला, तेव्हा दोन माणसांच्या मध्ये एक गजराचे घड्याळ होते. १९११ मध्ये छापताना ते पुसून टाकले, कारण ‘जुन्या’ माणसांकडे घड्याळ शोभत नव्हते. वेबरने निदान आपल्या बटणांची गोष्ट लपवली नाही.

यात बाजाराने आणखी गोंधळ घातला आहे, आणि त्याबद्दल दोन्ही तट गप्प असतात. १७८४ चे मूळ छाप रंगवलेले नव्हते. आज विकायला दिसणारे रंगीत छाप पुढे कोणीतरी हाताने रंगवलेले असतात. चटया हिरव्या, अंगरखे तांबडे, हे रंगवणाऱ्याच्या मर्जीवर. त्यावरून मोवाचाट वस्त्रांच्या रंगांबद्दल विधाने करणे म्हणजे शुद्ध थाप. दुसरे, मूळ छापावरून स्वस्त आवृत्त्यांसाठी नकला झाल्या. छाप समोर ठेवून तो जसाच्या तसा पत्र्यावर कोरला, तर छपाईत तो आरशासारखा उलटतो. हे टाळायचे तर आधी उलटे रेखाटन करून घ्यावे लागते आणि घाईतल्या नकलाकाराला तेवढी उसंत नसते. ज्या घरात उजवा कोपरा की डावा यावर दर्जा ठरतो, तिथे उलटलेल्या छापावरून कोण कुठे बसले होते याचा अंदाज बांधला तर मानकरी आणि त्याचा धाकटा भाऊबंद यांची अदलाबदल होते. म्हणून पाठ्यपुस्तकात किंवा संकेतस्थळावर चित्र घेणाऱ्याने किमान तीन गोष्टी तपासाव्यात: खाली वेबर आणि शार्प यांची नावे कोरलेली आहेत का, दिशा मूळ छापाशी जुळते का, आणि रंग कोणी भरले. आणि कडा कापू नयेत. सजावटीसाठी फक्त ते दोन खांब कापून घेणे ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, आणि नेमके तेवढेच दाखवायला त्या घराने मोल मागितले होते.

राहिला संमतीचा प्रश्न, आणि इथे मला दोन्ही तटांपेक्षा जरा वेगळे म्हणायचे आहे. बटणे घेऊन परवानगी दिली होती हे खरे. पण कशाची? बसून पाहण्याची आणि कागदावर उतरवण्याची. शेकडो प्रतींत छापून जगभर विकण्याची परवानगी त्या माणसाने दिली होती असे म्हणणे हास्यास्पद आहे. छपाई ही गोष्टच त्याच्यापुढे नव्हती. म्हणजे संमती खरी, पण मर्यादित. आजचा कायदा या मर्यादेला ओळखत नाही. चित्राचा प्रताधिकार केव्हाच संपला; खांबांच्या धन्याचा प्रताधिकार असतो हे त्या कायद्याला ठाऊकच नाही. अमेरिकेत आदिवासींच्या वस्तू परत करण्याचा जो कायदा आहे, त्याच्या नव्या नियमांनुसार प्रदर्शनाआधी संमती घेणे बंधनकारक झाल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने आपली दोन दालने बंद केली. पण तो कायदा मानवी अवशेष आणि आदिवासींच्या वस्तूंपुरता आहे, युरोपियनाने काढलेल्या चित्राला लागू नाही, आणि कॅनडातल्या मोवाचाटांना तर मुळातच नाही. कायदा नाही म्हणून काही करता येत नाही का? त्याच संग्रहालयाने २०२२ मध्ये आपले वायव्य किनाऱ्याचे दालन नव्याने उघडले ते नू-चा-नुल्थ अभ्यासक हायूप्स यांना सहअभिरक्षक नेमून. आणि युक्वॉटजवळून १९०४-०५ च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआससाठी त्याचा सहकारी जॉर्ज हंट याने ५०० डॉलरना मिळवलेले, गावातले लोक बाहेर असताना हलवलेले, देवमाशाच्या शिकाऱ्यांचे ते पवित्र स्थान, त्यातल्या ८८ कोरीव मनुष्याकृती आणि कवट्यांसकट, २०२५ मध्ये त्यांच्या मुलुखी परत गेले. त्यासाठी कोणत्याही कलमाने संग्रहालयाचा हात पिरगळलेला नव्हता.

ते शिकाऱ्यांचे स्थान आणि वेबरच्या घरातले खांब यांतला फरकही लक्षात घ्यायला हवा, कारण ‘सगळे पवित्र, सगळे झाका’ हा उत्साह त्यानेच निवतो. शिकाऱ्यांचे स्थान गावाबाहेर, प्रमुखाच्या विधींसाठी, इतरांनी पाहण्यासाठी नव्हतेच. घरातले खांब योग्य वेळी, योग्य साक्षीदारांना, योग्य देण्याघेण्यासह दाखवण्यासाठीच उभे होते. चटई सरकण्यासाठी होती. पहिल्याचे फोटो छापू नयेत असे तिथले लोक म्हणाले तर वाद संपला. दुसऱ्याबाबत विचारावे लागेल, आणि विचारण्याचा पत्ता अस्तित्वात आहे: मोवाचाट/मुचालाट फर्स्ट नेशन, म्हणजे त्या आदिवासी समाजाची आजची अधिकृत संघटना. युक्वॉटला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून १९२३ मध्ये मान मिळाला तो कुकच्या आगमनासाठी. १९९७ मध्ये तो मोवाचाट इतिहासासाठी नव्याने नोंदवला गेला, आणि त्यामागे तिथल्याच लोकांचा आग्रह होता. ज्यांनी एका स्मारकाचा अर्थ बदलून घेतला, त्यांना एका चित्राखालची पाटी लिहायला सांगितली तर जमणार नाही, असे कोणाला वाटते?

समजा त्यांनी ‘नाही’ म्हटले, तर? हा प्रश्न संग्रहालयवाल्यांना खरोखर भेडसावतो आणि तो टाळण्यासाठीच बहुतेक जण विचारत नाहीत. माझ्या मते उत्तर जागेप्रमाणे वेगळे असेल. पिशव्या, उशीचे अभ्रे, हॉटेलातल्या भिंती, दिनदर्शिका यांवरून चित्र जायला हवे, तिथे युक्तिवादाला जागाच नाही. संग्रहालयात खांबांचा भाग झाकून चित्र दाखवायचे ठरले, तर तसे दाखवावे आणि का झाकला ते लिहावे. वेबरसमोरही तो भाग काही वेळ झाकलेलाच होता. इतिहासाच्या ग्रंथातून मात्र ते काढायला मी राजी होणार नाही, मग माझ्याशी कोणी भांडले तरी चालेल, कारण मालकीचा दावा ज्या पानावर सिद्ध होतो तेच पान फाडायला सांगणे दाव्यालाच बाधक आहे. आणि त्या ग्रंथातून, त्या छापातून आज जी कमाई होते, त्यातला वाटा युक्वॉटला का जाऊ नये, याचे एकही समाधानकारक कारण मला अजून कोणी दिलेले नाही.